गच्चीवरचा वड आणि खानदेशचं ऊन

पहिल्या बोन्सायसाठी, म्हणजे उथळ कुंडीत छाटून लहान ठेवायच्या झाडासाठी, रोप शोधायला खानदेशात लांब जावं लागत नाही. गच्चीचं पाणी उतरवणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी किंवा मागच्या भिंतीत विटांच्या सांध्यात वडाचं नाहीतर पिंपळाचं रोप उगवलेलं असतंच. पाखरं फळं खातात, विष्ठेतून बी तिथे पडतं आणि मूठभर चुना-धुळीवर झाड वर्षानुवर्षं तग धरतं. या कुळाची रीतच तशी. रानातसुद्धा वडाचं आयुष्य बरेचदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात सुरू होतं, जिथे माती नावापुरती आणि पाणी पावसाचं. उथळ कुंडीतलं जगणं त्याला नवीन नाही. म्हणून शिकाऊ माणसानं वड, उंबर किंवा नांद्रुक घ्यावा. पिंपळ देखणा, पण त्याची पानं लहान कुंडीत फारच मोठी दिसतात. फोटो बघून जुनिपर किंवा पाइन आणू नये. ती थंड हवेची झाडं, आपल्या मे महिन्यात त्यांची दशा बघवत नाही.

बोन्साय ही झाडाची खुजी जात नाही. त्याचं बी जमिनीत पेरलं तर नेहमीसारखं उंच झाड येईल. आकार लहान राहतो तो मुळं आणि शेंडे वेळोवेळी छाटल्यामुळे. यात झाडाचे हाल होतात असं अनेकांना वाटतं. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षउद्यानात जपानी पांढऱ्या पाइनचं एक बोन्साय आहे. त्याला १६२५पासून वळण देत आलेत. १९४५ साली हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते त्याच शहरात यामाकी कुटुंबाकडे होतं, भिंतीआड होतं म्हणून वाचलं, आणि १९७६ साली त्यांनी ते अमेरिकेला भेट दिलं. चारशे वर्षं झाली, अजून हिरवंगार आहे. नीट राखलं तर कुंडी झाडाला मारत नाही.

मारतं ते पाणी. कमी झालेलं आणि साचलेलंही.

आपली काळी जमीन कपाशीला आणि केळीला सोन्यासारखी, पण बोन्सायच्या ट्रेमध्ये, म्हणजे उथळ कुंडीत, तिचा चमचाही नको. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. शिवाय कण इतके बारीक, की त्यांच्यात हवेला जागाच उरत नाही. उथळ भांड्यात हे जास्त का बाधतं, ते घरी तपासता येतं. भांडी घासायचा लांबट स्पंज भिजवून आडवा धरा. टपकणं थांबलं की तोच उभा करा. पाणी पुन्हा गळायला लागेल. मातीतही तळाशी ठरावीक उंचीपर्यंत पाणी अडून बसतं, आणि ती उंची ठरते कणांमधल्या पोकळ्यांच्या आकारावर, भांड्याच्या खोलीवर नाही. खोल कुंडीत या ओल्या थराच्या वर भरपूर मोकळी माती असते. दोन इंची ट्रेमध्ये बारीक माती भरली तर सगळा ट्रेच ओला थर होतो, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती कुजतात.

उपाय स्वस्त आहे. पक्क्या भाजलेल्या विटेचे तुकडे फोडून चाळायचे, ज्वारीहून मोठे आणि हरभऱ्याहून लहान तेवढे ठेवायचे, धूळ धुऊन काढायची. असे दोन भाग, एक भाग जाड वाळू, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत. कच्ची वीट घेऊ नका, तिचा पहिल्याच पावसात चिखल होतो.

पाणी कधी द्यायचं ते घड्याळावरून ठरवू नये. अगरबत्तीची जळून उरलेली काडी मातीत खोचून दहा मिनिटांनी काढा. ओली, गडद निघाली तर थांबा. द्याल तेव्हा मात्र तळाच्या भोकांतून वाहेपर्यंत द्या. बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी खार चढते आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा पाण्यानं मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही. पावसाचं पाणी साठवून ठेवलं तर उत्तम.

जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा सिमेंटचा स्लॅब हवेपेक्षाही तापतो. जमिनीतलं मूळ खाली गारव्यात जातं, ट्रेमधलं कुठे जाणार? म्हणून होळी झाली की कुंडी स्लॅबवरून उचलून विटांवर ठेवावी, वर हिरवी नेट बांधावी आणि सकाळचं ऊन तेवढं लागू द्यावं. बिनझिलईची मातीची कुंडी माठासारखी पाझरून गार राहते, काळी प्लास्टिकची तापते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास दिवसातून दोनदा पाणी लागलं तर नवल नाही. दिवाणखान्यात मात्र नेऊ नका. तिथे झाड उजेडाविना झुरतं.

मोठी छाटणी, मुळं कापणं, भिंतीतलं रोप काढणं, सगळं पहिल्या चांगल्या पावसानंतर. रोप काढताना मुळं तुटतातच, म्हणून बरीचशी पानंही काढायची, नाहीतर पानांतून उडून जाणारं पाणी मुळं पुरवू शकत नाहीत. मग लगेच ट्रेमध्ये? मुळीच नाही. खोड जाड होतं ते पानांनी बनवलेल्या अन्नावर. पेन्सिलएवढं रोप ट्रेमध्ये कोंबलं तर ते पुढची कित्येक वर्षं पेन्सिलच राहतं. आधी मोठ्या कुंडीत दोन-तीन वर्षं मोकाट वाढवा, मग कापा.

शेंड्याच्या कळीत ऑक्झिन हे संप्रेरक तयार होतं. ते खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना, म्हणजे फांदी फुटते त्या कळ्यांना, दाबून ठेवतं. शेंडा खुडला की हा दाब सुटतो आणि खालचे डोळे फुटतात. म्हणून फांदीला सहा-आठ पानं येऊ द्यायची आणि दोन-तीन ठेवून कापायचं. कोणत्या दिशेचा डोळा शेवटचा ठेवला, त्या दिशेला नवी फांदी जाणार. आकाराचं निम्मं काम इथेच होतं. कापल्यावर पांढरा चीक येतो, त्यानं घाबरू नये.

फांदीला वळण द्यायला तार गुंडाळतात, पण तिची घाई नको. ॲल्युमिनियमची तार फांदीच्या साधारण तिसरा हिस्सा जाडीची घ्यावी, ४५ अंशांच्या कोनात गुंडाळावी, मग दोन्ही अंगठे वळणाच्या आतल्या बाजूला टेकवून हळूहळू वाकवावं. तार फांदीला फक्त धरून ठेवते. वळण पक्कं होतं ते सालीखाली नवं लाकूड साठल्यावर, आणि त्याला काही महिने लागतात. पावसाळ्यात वड इतका फुगतो, की तार सालीत रुतते आणि तिचे वळ अनेक वर्षं दिसतात. दर आठ-दहा दिवसांनी नजर टाका. काढताना उलगडत बसू नका, तुकडे तुकडे करून कापा. तार दोन-चार रुपयांची, फांदी पुन्हा येत नाही.

धुळ्याकडे थंडी चांगलीच पडते. तेव्हा वडाची वाढ थांबते. खत बंद, पाणी कमी, आणि कात्री होळीपर्यंत खणात.