डोंग सोन ढोल

उत्तर व्हिएतनाममधील काशाचे प्राचीन ओतीव विधिवाद्य. त्याला कातडे नसते. मुखाचा धातूचा पत्राच कंप पावतो, म्हणून ते घनवाद्यांत मोडते. थान्ह होआ प्रांतातील डोंग सोन या गावी १९२४ पासून उत्खनन झाले, त्यावरून हे नाव पडले. काळ साधारणपणे इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या मध्यापासून इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपर्यंतचा.

वर सपाट मुख, त्याखाली फुगीर खांदा, मग कंबर आणि पसरट पाया, तळ उघडा. खांदा व कंबर यांना जोडणारे चार कान असतात. ठोका मुखाच्या मध्यावरील ताऱ्यावर पडतो. न्गोक लू येथील ढोल (उंची ६३ सेंमी., मुखाचा व्यास ७९ सेंमी.) हा सर्वांत देखणा नमुना. त्याच्या १४ किरणांच्या ताऱ्याभोवती पिसांचे मुकुट घातलेली माणसे, भात कांडणाऱ्या जोड्या, हरणे आणि पाणपक्षी फेर धरतात. ढोल कसे वाजवत तेही त्यावरच कोरले आहे: वादक उंच माचीवर, ढोल खाली ओळीने मांडलेले आणि हातांत लांब दांडे.

एवढे मोठे आणि पातळ भांडे ओतणे फार अवघड. मातीचा गाभा व बाहेरचा साचा यांत सर्वत्र सारखे अंतर राहावे म्हणून मध्ये धातूचे छोटे तुकडे बसवत. त्यांचे चौकोनी ठसे आजही दिसतात. तुकडा सरकला की भिंत एका बाजूला पातळ होते, वितळलेल्या धातूचा रस तिथे पोचण्याआधीच थिजतो आणि भोक राहते. तांबे व कथिल यांच्या जोडीला शिसे घालत, ते रस अधिक प्रवाही व्हावा म्हणून.

ऑस्ट्रियन अभ्यासक फ्रान्त्स हेगर यांनी १९०२ मध्ये १६५ ढोल तपासून चार प्रकार ठरवले. डोंग सोन ढोल पहिल्या प्रकारात येतात. उगमाचा वाद मात्र त्यानंतर पेटला. चीनच्या युन्नान प्रांतातील वानजियाबा येथे १९७० च्या दशकात ओबडधोबड, जवळजवळ नक्षी नसलेले ढोल मिळाले. काहींवर काजळी होती. त्यामुळे पालथ्या घातलेल्या स्वयंपाकाच्या भांड्यातून ढोल घडला, असे चिनी अभ्यासकांनी मांडले. व्हिएतनामी अभ्यासकांनी तांबड्या नदीच्या खोऱ्याला अग्रमान दिला. हीच नदी युन्नानमध्ये उगम पावून हनोईवरून समुद्राला मिळते, आणि त्या काळी आजची सीमा नव्हती. म्हणून एका देशाच्या नावावर हा शोध लिहिण्यापेक्षा कारागिरी या खोऱ्यातून वर-खाली फिरली असे मानणे अधिक सयुक्तिक.

ढोल ज्याच्याकडे, त्याची सत्ता मानली जाई. इ.स. ४३ मध्ये चीनच्या हान राजवटीविरुद्ध उठलेल्या व्हिएतनामी त्रुंग भगिनींचे बंड मोडल्यावर हान सेनापती मा युआन याने जप्त केलेले ढोल वितळवून घोड्याची प्रतिमा ओतवली.

हेगरच्या तिसऱ्या प्रकारातील ढोल म्यानमारमधील करेन लोक वापरत. त्यांच्या मुखाच्या कडेला बेडूक बसवलेले असतात. त्यांचा संबंध पावसाशी जोडतात. ढोल कानाला दोरी बांधून तिरपा टांगतात आणि हलू नये म्हणून वादक खालच्या कानात पायाचा अंगठा अडकवतो. दक्षिण चीनमधील ग्वांग्शीतील नानदान भागात एकजण मुखावर ठोके देतो, तर दुसरा उघड्या तळाशी लाकडी पिंप आत-बाहेर करून नाद पालटतो.