ट्रिम ओढणं वेगळं, लाईन्स ट्यून करणं वेगळं

काईटसर्फिंगमध्ये (मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवरून पाण्यावर पळायचा खेळ) काईट मागे पडतेय, वळायला आळस करतेय, बार, म्हणजे हातातला दांडा, आत स्वतःकडे ओढला की पुढे पळायच्या ऐवजी तिथेच लटकून राहतेय, असं कुणी म्हटलं की बीचवर पहिलं उत्तर येतं, "ट्रिम ओढ." आणि ट्रिम ओढली की काईट खरंच सुधारते. गोंधळ इथेच सुरू होतो, कारण मग वाटतं काम झालं. बऱ्याचदा झालेलं नसतं, लाईन्सची, म्हणजे काईटच्या दोऱ्यांची, मापंच बिघडलेली असतात आणि ट्रिमने ती फक्त झाकली जातात.

आधी बेसिक. बारपासून चार लाईन्स जातात, पुढच्या दोन ब्रायडलमधून (काईटवरच्या फाटे फुटलेल्या दोऱ्या) काईटच्या हवा भरलेल्या पुढच्या कडेला, मागच्या दोन दोन्ही टोकांना. लोड बहुतेक पुढच्यांवर असतो, वळवायचं काम मागच्या करतात. आता काईट वाऱ्यासमोर किती कोनात उभी राहणार हे पुढच्या आणि मागच्या लाईन्सच्या लांबीत फरक किती यावर ठरतं. संक्रांतीच्या पतंगाला कणी बांधताना खालचा दोरा आखूड झाला की पतंग जास्त ओढतो पण वर चढत नाही, अगदी तेच इथे. मागच्या लाईन्स आखूड म्हणजे कोन जास्त, ओढ जास्त, आणि फारच आखूड झाल्या तर बॅकस्टॉल, म्हणजे काईट उलटी मागे मागे सरकत खाली येते.

ट्रिम म्हणजे बारजवळचा तो पट्टा किंवा क्लीटमधून (दोरी पकडून ठेवणारा खाचा) जाणारी दोरी. ती ओढली की पुढच्या दोन्ही लाईन्स एकदम आणि सारख्याच आखूड होतात, कोन कमी होतो, पॉवर उतरते. ही सोय वाऱ्यासाठी आहे. गोव्यात मोरजी-अश्व्याला सीझनमध्ये दुपारनंतर वारा चढत जातो, तर सुरुवातीला ट्रिम पूर्ण सोडून निघायचं आणि वारा वाढला की पाण्यातच थोडी थोडी ओढायची, पडला की परत सोडायची. दोन सेकंदांचं काम, आणि एका सेशनमध्ये कितीही वेळा करा.

ट्यूनिंग म्हणजे लाईन्सची मापं पुन्हा जुळवणं, हे वाळूवर बसून करायचं काम, काईट न जोडता. लाईन्स डायनीमा नावाच्या धाग्याच्या असतात, बारीक आणि भयंकर मजबूत, पण वापराने त्या कायमच्या लांबतात, आणि पुढच्यांवर लोड जास्त म्हणून त्या जास्त लांबतात, मागच्या तेवढ्या ताणल्याच जात नाहीत, उलट मीठ आणि वाळू बसून थोड्या आखडतातसुद्धा. दोन-चार सेंटीमीटरचा फरक पडला तरी काईटच्या वागण्यात कळतो. म्हणजे तुम्ही काहीही न करता, बार कायम थोडा आत ओढून धरल्यासारखी काईट राहते.

आता अशा जुन्या लाईन्सवर ट्रिम ओढली तर पुढच्या आखूड होऊन हिशोब जुळतो, काईट नीट उडते. पण ट्रिमची जेवढी ओढ होती त्यातली निम्मी तुम्ही किनाऱ्यावरच खर्च केलीत, आणि पाण्यात मोठा गस्ट, म्हणजे वाऱ्याचा झोत, आला की पॉवर उतरवायला हाताशी काही उरत नाही. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मध्यम वाऱ्यातही ट्रिम अर्धी ओढल्याशिवाय काईट चालत नसेल तर तो वाऱ्याचा प्रश्न नाही, लाईन्सचा आहे.

दुसरी खूण आणखी सोपी. बार सरळ धरूनही काईट सारखी एकाच बाजूला जातेय? मग आधी ब्रायडल अडकलंय का, लाईनला गाठ पडलीय का ते बघा, आणि तसं नसेल तर डाव्या-उजव्या लाईन्समध्ये फरक आहे. इथे ट्रिमचा काडीचा उपयोग नाही, कारण ती दोन्ही बाजू सारख्याच ओढते.

तपासायचं असं. चारही लाईन्सची टोकं एका पक्क्या खांबाला किंवा हुकला एकत्र अडकवा, ट्रिम पूर्ण सोडा, बार पूर्ण आत घ्या आणि मागे रेलून सारखा ताण द्या. बहुतेक बारवर या स्थितीत चारही लाईन्स सारख्या ताणल्या पाहिजेत आणि बार सरळ राहिला पाहिजे (काही कंपन्यांचा नियम वेगळा असतो, मॅन्युअल बघा). पुढच्या ढिल्या आणि मागच्या टाईट दिसल्या तर लीडरवर (बारच्या टोकांपासून निघणारी जाड दोरी, जिला लाईन जोडतात) ज्या गाठी असतात तिथे मागच्या लाईन्स एक गाठ बाहेर सरकवा, दोन्ही बाजूंना सारख्या. एकच लाईन आखूड असेल तर गाठ बदलायच्या आधी ती एकटी खांबाला लावून अंगाच्या वजनाने ताणून बघा, बऱ्याचदा जागेवर येते.

उलटही होतं, म्हणजे मागच्या जास्तच लांब झाल्या तर बार पूर्ण ओढूनही पॉवर येत नाही, वळणं ढिली पडतात, कधी काईट डोक्यावरून पुढे जाऊन फडफडत कोसळते. तेव्हा गाठ आत.

आणि चारही लाईन्स एकदम २४ मीटरच्या २० करणं हा तिसराच विषय, त्याने काईट पटकन वळते आणि ओढ थोडी कमी होते पण कोन बदलत नाही, त्यामुळे बॅकस्टॉलवरचा उपाय म्हणून ते करू नका.

गाठ बदलली की मध्यम वाऱ्यात, डाऊनविंडला (वारा जिकडे वाहतो त्या बाजूला) मोकळी जागा बघून पाण्यात ट्राय करा, काईट बाजूला साधारण ४५ अंशावर ठेवायची, ट्रिम पूर्ण सोडलेली, आणि बार हळूहळू आत घ्यायचा. मागे सरकायला लागली तर लगेच बार सोडा, किनाऱ्यावर या, अजून एक गाठ बाहेर.