माणिक घेताना डाग शोधा

हिरे बघून बघून आपल्याला एक सवय लागलेली असते: खड्यात डाग नको. माणिक घ्यायला निघताना ती घरीच ठेवावी. लालभडक, टपोरं, आरपार स्वच्छ माणिक कुणी बेताच्या भावात पुढे केलं, तर आधी शंका यायला हवी.

सुरुवात रंगापासून करू, कारण माणकाच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा त्याचाच. माणिक आणि नीलम ही कुरुविंद या एकाच खनिजाची रूपं. कुरुविंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, शुद्ध असेल तर बिनरंगी. त्यात थोड्याशा ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम शिरलं, की ते प्रकाशातला जांभळा आणि हिरवा-पिवळा भाग शोषून घेतं आणि लाल जाऊ देतं. एवढंच नाही, शोषलेल्या प्रकाशातला काही भाग ते पुन्हा लाल रंगातच बाहेर टाकतं. त्यामुळे चांगलं माणिक स्वतःही थोडं उजळतं. थिओडोर मेमनने १९६० मध्ये पहिला लेसर बनवला तो माणकाच्या कांडीतूनच, याच गुणाच्या जोरावर. खड्यात लोह जास्त असेल तर मात्र ही झळाळी विझते. म्यानमारमधल्या मोगोकच्या माणकांचा बोलबाला आहे तो बराचसा त्यांच्यातल्या कमी लोहामुळे.

आता हा रंग बघायचा कुठे? दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली तर नक्कीच नाही. त्या प्रकाशात लाल भाग जास्त असतो आणि सुमार माणिकही त्यात खुलतं. मोगोकच्या बाजारात माणकं पितळी ताटलीत मांडून दाखवतात, कारण पितळेच्या पिवळ्या झाकीत खड्यातली जांभळट छटा लपते. खडा दाराशी नेऊन, पांढऱ्या कागदावर ठेवून, दिवसाच्या उजेडात बघावा. थेट उन्हात नको. लाल रंगात तपकिरी किंवा करडा मळ दिसतोय का, ते तिथे कळतं. खडा सुटाच मागावा. बंद कोंदणात खड्यामागे चकचकीत किंवा रंगीत पत्रा असू शकतो, मग आपण रंग कुणाचा पाहतोय हेच समजत नाही.

त्याच कागदावर बारीक अक्षरं असतील तर आणखी एक काम होतं. खडा वरून पाहताना मधोमध अक्षरं वाचता आली, तर पैलू उथळ पाडलेत. माणकात शिरलेला प्रकाश तळाच्या पैलूंवर साधारण ३५ अंशांहून जास्त तिरपा पडला तरच परत वर येतो. नाहीतर खालून निसटतो आणि खड्याच्या पोटात फिकट खिडकी दिसते. खाणीतून आलेल्या खड्याचं वजन वाया जाऊ नये म्हणून कारागीर पुष्कळदा अशी तडजोड करतात. भाव कॅरेटवर असतो ना! (एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. रतीचं माप सगळीकडे सारखं नसतं, म्हणून वजन कॅरेटमध्येच विचारावं.)

आणि आता डाग. दहापट भिंगातून आत रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक सुया दिसल्या तर चेहरा पाडू नका. त्या रुटाइल या खनिजाच्या असतात. खडा १६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवला तर त्या विरघळतात, म्हणून शाबूत सुया हा खडा फार तापवलेला नसल्याचा चांगला पुरावा. तापवणं ही काही फसवणूक नव्हे, बाजारातली बहुतेक माणकं तापवलेलीच असतात. पण बिनतापवलेल्याचा भाव बराच जास्त असतो, तेव्हा सांगून विकायला हवं.

खरी फसगत काचेची. चिरांनी भरलेले, जवळजवळ टाकाऊ खडे घेऊन त्यांच्या भेगांत शिशाची काच वितळवून भरतात. शिशामुळे काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं प्रमाण, माणकाच्या जवळ जातो आणि भेगा नजरेआड होतात. भिंगाखाली खडा हळूहळू फिरवला तर निळसर झलक चमकून जाते आणि काचेत अडकलेले बुडबुडे दिसतात. हे खडे फार नाजूक असतात. लिंबाच्या रसानेसुद्धा ती काच खाल्ली जाते, अंगठी दुरुस्त करताना सोनाराची ज्योत लागली तर विचारूच नका. असा खडा कॅरेटमागे अगदी स्वस्त मिळायला हवा, आणि खरं सांगायचं तर तरीही घेऊ नये.

कृत्रिम माणिक ही वेगळीच भानगड. ओग्यूस्त वर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीत माणिक बनवायची आपली पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली, म्हणजे आजीच्या अंगठीतलं माणिक खाणीतलंच असेल असं समजायचं कारण नाही. रसायन तेच, कठीणपणाही तोच, मोह्सच्या मापावर ९. त्यामुळे ओरखडा काढून काही कळत नाही, आणि खडा दुधात टाकल्यावर दूध लाल दिसतं का ही घरगुती परीक्षा तर तेही पास होतं. फरक आतल्या रेषांत असतो. जमिनीत स्फटिक सपाट बाजूंनी वाढतो, त्याच्या वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात वळणाऱ्या. वर्नुईच्या ज्योतीखाली वितळलेली भुकटी थरांवर थर साचत जाते, म्हणून तिथल्या रेषा वक्र.

हे सगळं दुकानात उभ्या उभ्या जमत नाही, म्हणून महागाच्या खड्याला स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल हवा. त्यात आधी प्रक्रियेची ओळ वाचावी, खाणीचं नाव नंतर. ‘बर्मा’ हा शब्द भाव चढवतो खरा, पण मळकट खडे मोगोकमधूनही निघतात. उलट २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५५.२२ कॅरेटच्या ज्या माणकाला सुमारे ३ कोटी ४८ लाख डॉलर मिळाले, ते मोझांबिकचं होतं.