वळिवड्याचा गाडा ओढला कोणी?

कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे निर्वासित राहून गेले, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. संस्थानाने त्यांना आसरा दिला हेही आपण अभिमानाने सांगतो. छावणीचा रोजचा गाडा कोणी ओढला, हे मात्र सांगायचं राहून जातं.

१९४० पासून सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलं. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केला, लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलंडच्या सरकारशी मॉस्कोचा करार झाला आणि ही माणसं सुटली. पण उपाशी, आजारी. तेव्हा मुंबईहून मदतीच्या मालमोटारी क्वेट्टा, इराणमधलं मशहद करत थेट सोव्हिएत तुर्कमेनिस्तानातल्या अश्गाबातला गेल्या आणि येताना पोरकी मुलं घेऊन आल्या. मुंबईतल्या पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी किरा बानासिंस्का यांनी पोलिश रेडक्रॉसतर्फे या कामाला वाहून घेतलं होतं. मुलं आधी वांद्र्याला, मग जामनगरचे राजे जामसाहेब यांनी वसवलेल्या बालाचडीच्या छावणीत राहिली.

वळिवड्याची छावणी १९४३ ची. सुमारे ५,००० माणसं, त्यात बहुतेक बायका-मुलं, कारण धडधाकट पुरुष सैन्यात गेलेले. लांबच लांब बराकी, चटईच्या भिंती, वर कौलं. खर्च पोलंडचं लंडनमधलं सरकार उचलत होतं. पण शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं हे सगळं उभं राहिलं ते छावणीतल्याच माणसांच्या जिवावर. शिकवणारेही हद्दपारीतून आलेले, शिकणारेही. स्काउट आणि गाइडच्या पथकांत थोरली मुलं धाकट्यांना हाताशी धरत. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच: स्वतःचं घरदार गेलेलं असताना ही माणसं दुसऱ्याच्या पोरांना वाढवत होती.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढली आणि पुढे छावणीचा खर्च संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे गेला. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली, तिथली मुलंही वळिवड्यात आली. १९४८ पर्यंत सगळे पांगले. कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, तर थोडे परत पोलंडला.

बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंधमधून आलेली कुटुंबं तिथे उतरली. ती वस्ती म्हणजेच आजचं कोल्हापूरजवळचं गांधीनगर; तिथली कापडाची घाऊक बाजारपेठ त्यांनीच उभी केली.

इकडे छावणीत वाढलेल्या पोलिश मुलांनी उतारवयात लंडनमध्ये संघटना बांधली आणि घरोघरचे फोटो, आठवणी गोळा करून वळिवड्याचा इतिहास स्वतःच लिहून काढला.