आयरिश कुलेतिहास-संशोधन व त्याचे शिक्षण

आयर्लंडमधील एखाद्या कुटुंबाच्या मागील पिढ्या चर्चच्या नोंदवह्या, जनगणना, जमिनीची मूल्यांकनपत्रके, मृत्युपत्रे आणि अलीकडे जनुकीय चाचण्या यांच्या आधारे शोधण्याची विद्या, तसेच ती व्याख्याने, कार्यशाळा व अभ्यासक्रम यांतून शिकण्याची रूढ झालेली पद्धत. इंग्लंड किंवा स्कॉटलंडमधील कागद बऱ्याच अंशी सलग असल्याने तेथे हौशी माणूस स्वतःच्या बळावर चार-पाच पिढ्या मागे जाऊ शकतो. आयर्लंडमध्ये मूळ कागदांचा मोठा भाग नष्ट झाला आहे आणि उरलेला वेगवेगळ्या प्रशासकीय विभागण्यांत विखुरलेला आहे. त्यामुळे कोणता कागद कोणत्या कागदाची उणीव भरून काढतो हे जाणकाराकडून शिकून घ्यावे लागते. १८४५–५२ च्या दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मृत्यू पावले आणि जवळजवळ तेवढ्यांनीच देश सोडला. शिकणाऱ्यांमध्ये या आणि आधी-नंतरच्या स्थलांतरितांचे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमधील वंशज बहुसंख्य आहेत.

प्राचीन वंशावळी व त्यांविषयीचे वाद : लेखी वंशावळींची परंपरा आयर्लंडमध्ये यूरोपातील अनेक देशांपेक्षा जुनी व समृद्ध आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील ‘रॉलिन्सन बी ५०२’ हे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हस्तलिखित तिचे महत्त्वाचे साधन होय. त्यातील लेन्स्टर प्रांताविषयीची काही वंशपद्ये भाषेच्या पुराव्यावरून सातव्या शतकाइतकी जुनी असावीत, असे काही अभ्यासक मानतात. त्यांची कालनिश्चिती मात्र निर्विवाद नाही. वंशावळी राखणे हे विशिष्ट विद्वान घराण्यांचे वंशपरंपरागत काम होते. स्लायगो परगण्यातील लेकन येथील मॅक इर्विशी घराणे त्यांपैकी प्रमुख. याच घराण्यातील दुआल्ताख मॅक इर्विशी (मृत्यू १६७१) याने वंशावळींचा प्रचंड संग्रह मुख्यतः १६४९–५० मध्ये गॉलवे येथे सिद्ध केला. इंग्लिश सेनानी क्रॉमवेल याच्या सैन्याने जुनी गेलिक (मूळ आयरिश) समाजव्यवस्था मोडून काढण्याच्या ऐन तोंडावर हे काम झाले. त्यामुळे इतरत्र न उरलेली कितीतरी घराणी केवळ या एका संग्रहातून माहीत आहेत.

या वंशावळी जवळजवळ सर्व राजघराण्यांना स्पेनहून आलेल्या मील या पुराणपुरुषाच्या मुलांशी आणि त्याच्यामार्फत बायबलमधील नोहाशी जोडतात. ही जोडणी केव्हा व का झाली, यावर विसाव्या शतकात बराच खल झाला. इतिहासकार ओइन मॅकनील यांच्या मते हा सांधा ख्रिस्ती मठांतील विद्वानांनी जाणीवपूर्वक घडवला. आयर्लंडचा इतिहास बायबलच्या कालगणनेत बसवणे हा त्यांचा हेतू होता. टी. एफ. ओ’राहिली यांनी १९४६ मध्ये याच सामग्रीतून केल्टिक लोकांच्या चार क्रमिक आक्रमणांची मांडणी केली आणि वंशावळींच्या तळाशी खऱ्या वांशिक स्मृती असल्याचे प्रतिपादन केले. ही मांडणी विलक्षण विद्वत्तापूर्ण असली, तरी पुरातत्त्वीय पुराव्याशी तिचा मेळ बसत नसल्याने आज ती फारशी स्वीकारली जात नाही. इतिहासकार डोनखा ओ कोरान यांच्यापासून पुढे आलेली दृष्टी अधिक ग्राह्य वाटते. तिच्यानुसार वंशावळ हा प्रथमतः राजकीय दस्तऐवज होय. सत्ता बदलली की पूर्वजही बदलत, आणि दुर्बळ कुळे प्रबळ कुळांच्या वृक्षावर कलम केली जात. साधारण आठव्या शतकानंतरच्या व्यक्तींच्या बाबतीत, जेथे वार्षिक इतिवृत्तांचा स्वतंत्र आधार मिळतो तेथे, वंशावळींवर बराच विश्वास ठेवता येतो.

या वादाचा शिक्षणाशी थेट संबंध आहे. आपण अमुक राजाचे वंशज आहोत अशी घरात चालत आलेली समजूत घेऊन अनेक जण अभ्यासाला येतात. १८७६ मध्ये जॉन ओ’हार्ट यांनी प्रसिद्ध केलेल्या संकलनाने अशा समजुतींना छापील रूप दिले होते. मध्ययुगीन वंशावळीचे शेवटचे नाव आणि चर्चच्या नोंदवहीतील पहिले नाव यांच्यामध्ये बहुतेक सामान्य कुटुंबांच्या बाबतीत दोन ते चार शतकांची दरी असते, आणि ती ओलांडण्याचा कागद सहसा अस्तित्वात नसतो. चांगला शिक्षक हे पहिल्याच व्याख्यानात स्पष्ट करतो.

आडनावे : ‘ओ’ (नातू, वंशज) व ‘मॅक’ (पुत्र) लावून होणारी वंशवाचक आडनावे दहाव्या–अकराव्या शतकांत स्थिरावली. ९१६ मधील ओ’क्लेरी या नावाची नोंद सर्वांत जुन्यांपैकी मानतात. ब्रायन बोरू राजाने आडनावे सक्तीची केली ही लोकप्रिय कथा निराधार दिसते. इंग्रजी सत्तेखाली या नावांची इंग्रजी रूपे झाली, अनेकांनी ‘ओ’ गाळला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काहींनी तो पुन्हा लावला. कॅथलिक नोंदवह्यांत भर पडते ती लॅटिन नावांची : तेथील होनोरिया घरी नोरा असते, तर डर्मट इंग्रजी कागदात जेरेमाया होतो. म्हणून आडनावाच्या लेखनावरून ‘हे आमचे नव्हेत’ असे ठरवण्याची सवय मोडणे, हा प्राथमिक अभ्यासक्रमाचा भाग असतो.

१९२२ चा विध्वंस : डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्स’ या न्यायालयसंकुलात १८६७ च्या कायद्याने सार्वजनिक अभिलेख कार्यालय स्थापन झाले होते. एप्रिल १९२२ मध्ये इंग्लंडशी झालेल्या तहाला विरोध करणाऱ्या सैनिकांनी हे संकुल ताब्यात घेतले. २८ जूनला तहाच्या बाजूच्या हंगामी आयरिश सरकारच्या सैन्याने तोफा डागण्यास सुरुवात केली आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन अभिलेखांचे भांडार भस्मसात झाले. स्फोट मुद्दाम पेरलेल्या सुरुंगाचा की आग दारूगोळ्यापर्यंत पोहोचल्यामुळे झालेला, यावर दोन्ही पक्षांनी परस्परविरोधी विधाने केली. अभिलेखागाराला लागून असलेल्या भागात स्फोटके ठेवलेली होती, एवढे नक्की. हेतूविषयीचा निष्कर्ष त्यावरून काढणे कठीण आहे.

‘सगळे १९२२ मध्ये जळाले’ हे विधान सर्रास केले जाते, पण ते चुकीचे आहे. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची बहुतेक पत्रके, चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट चर्चच्या सुमारे एक हजार पॅरिशांच्या (चर्चच्या स्थानिक हद्दींच्या) जमा केलेल्या नोंदवह्या आणि मूळ मृत्युपत्रे त्या आगीत गेली. १८६१ व १८७१ ची पत्रके मात्र सरकारी आदेशाने आधीच नष्ट करण्यात आली होती, आणि १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यासाठी गेली. जन्म-मृत्यूची नागरी नोंदणी, कॅथलिक नोंदवह्या आणि जमिनीचे छापील मूल्यांकन त्या इमारतीत नव्हतेच, म्हणून ते वाचले. १८०० पूर्वीच्या वरिष्ठ धर्मन्यायालयातील मृत्युपत्रांचे गोषवारे शस्त्रचिन्ह-अधिकारी (घराण्यांची शस्त्रचिन्हे व वंशावळी नोंदवणारे सरकारी अधिकारी) विल्यम बेथॅम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात करून ठेवल्यामुळे त्यांतील नातेसंबंध आजही मिळतात. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जगभरच्या ग्रंथालयांतील नकला व उतारे गोळा करून जळालेल्या भांडाराची आभासी पुनर्रचना करण्यात आली. जून २०२२ मध्ये ती सर्वांसाठी मोफत खुली झाली.

पर्यायी साधने : प्रत्यक्ष शिकवणीचा गाभा येथे आहे. कॅथलिकेतर विवाहांची नागरी नोंदणी १ एप्रिल १८४५ पासून आणि सर्वांचे जन्म, मृत्यू व विवाह यांची १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिक नोंदवह्या शहरांत अठराव्या शतकापासून, तर पश्चिमेकडील गरीब भागांत पुष्कळदा १८३० नंतरच सुरू होतात. राष्ट्रीय ग्रंथालयाने मायक्रोफिल्म केलेल्या एक हजारांहून अधिक पॅरिशांच्या, साधारण १८८० पर्यंतच्या नोंदी जुलै २०१५ पासून कोणालाही मोफत पाहता येतात.

बुडालेल्या जनगणनांची जागा दोन करविषयक दस्तऐवज घेतात. १८२३ ते १८३८ च्या दरम्यानच्या दशांश-कर (चर्चसाठी शेतीवर बसवलेला कर) पुस्तकांत शेतजमीन कसणारे येतात. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात झालेल्या मूल्यांकनात घर वा जमीन ताब्यात असलेला प्रत्येक जण येतो. कुटुंबातील इतरांची नावे मात्र नाहीत. एकाच खेड्यात दोन जॉन रायन असतील तर ग्रिफिथच्या यादीत नावापुढे कंसात बापाचे नाव किंवा धंदा दिलेला आढळतो. असा एक कंस पूर्ण पिढीचा पुरावा ठरू शकतो. पुढच्या काळातील फेरफार-वह्यांत कबजेदार बदलला की जुने नाव खोडून नवे लिहिले जाई, आणि प्रत्येक वर्षाला वेगळ्या रंगाची शाई वापरली जाई. त्या वाचायला शिकल्यावर एखाद्या बापाचा मृत्यू किंवा कुटुंबाचे स्थलांतर एक-दोन वर्षांच्या अंतराने निश्चित करता येते.

म्हाताऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण विशेष उद्बोधक आहे. १९०८ च्या कायद्याने जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना निवृत्तिवेतन मिळू लागले. अशा कोणाचाही जन्म नागरी नोंदणीत असणे शक्यच नव्हते. म्हणून अर्जदार आईवडिलांची नावे व गाव कळवीत आणि कर्मचारी १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत ते कुटुंब शोधून वय पडताळीत. मूळ पत्रके नंतर जळाली, पण हे शोध-अर्ज टिकले. त्यामुळे हजारो कुटुंबांची नष्ट झालेल्या जनगणनेतील नोंद अंशतः हाती लागते. याच कायद्याची छाया पूर्णपणे उपलब्ध असलेल्या १९०१ व १९११ च्या जनगणनांवरही पडली आहे : दहा वर्षांत कित्येक माणसे पंधरा-सोळा वर्षांनी म्हातारी झालेली दिसतात. १९११ च्या पत्रकात विवाहाला किती वर्षे झाली, किती मुले जन्मली व किती हयात आहेत हेही विचारले होते. स्वातंत्र्ययुद्धामुळे १९२१ ची जनगणना झाली नाही. त्यानंतरची १८ एप्रिल १९२६ ची.

स्थाननिश्चिती : नावापेक्षा स्थळ आधी, हे या विषयातले पहिले सूत्र. परगणे ३२, त्यांखाली बॅरनी (परगण्याचे जुने उपविभाग), सुमारे अडीच हजार नागरी पॅरिश (सरकारी कामासाठीच्या हद्दी) आणि सर्वांत लहान एकक टाउनलँड, ज्यांची संख्या साठ हजारांहून अधिक आहे. टाउनलँड म्हणजे गाव नव्हे, तर नाव असलेला जमिनीचा पट्टा. त्यात चाळीस घरे असू शकतात किंवा एकही नसू शकते. कॅथलिक पॅरिशच्या सीमा नागरी पॅरिशशी जुळत नाहीत. १८३८ च्या कायद्याने निर्माण झालेले दरिद्री-साहाय्य संघ परगण्यांच्या सीमा ओलांडतात, आणि नागरी नोंदणीचे जिल्हे या संघांवर बेतलेले आहेत. एका घराचे चार कागद चार वेगवेगळ्या विभागांत सापडतात ते यामुळे. अमेरिकेतील कबरीवर केवळ परगण्याचे नाव असते. तेथून टाउनलँडपर्यंत पोहोचण्यासाठी शेजारी, साक्षीदार व बाप्तिस्म्याचे धर्ममातापिता यांचा मागोवा घ्यावा लागतो. व्याख्यानांत सर्वाधिक वेळ याच कौशल्याला दिला जातो, आणि तो योग्यच आहे.

संस्था व अभ्यासक्रम : १५५२ मध्ये स्थापन झालेले शस्त्रचिन्ह-अधिकाऱ्याचे कार्यालय १९४३ मध्ये आयरिश राज्याकडे आले. एडवर्ड मॅकलायसट यांच्या आडनावविषयक लेखनाने त्यानंतर विषयाला शास्त्रीय बैठक दिली. १९२२ च्या हानीची भरपाई करण्यासाठी नकला जमवण्याच्या हेतूने १९३६ मध्ये लंडन येथे आयरिश वंशशास्त्र संशोधन संस्था सुरू झाली. बेलफास्टमधील अल्स्टर हिस्टॉरिकल फाउंडेशन (१९५६) उत्तर अमेरिकेत व्याख्यानदौरे काढते. उत्तर आयर्लंड कुलेतिहास मंडळ (१९७९), बॉस्टन परिसरातील आयरिश पूर्वज-संशोधन मंडळ (१९८३) आणि डब्लिनजवळची आयर्लंड वंशशास्त्र संस्था (१९९०) यांच्या मासिक सभा हेच बहुतेकांचे पहिले विद्यालय ठरले. व्यावसायिक संशोधकांची संघटना १९८६ मध्ये स्थापन झाली. किल्डेअर स्ट्रीटवरील राष्ट्रीय ग्रंथालयात मोफत सल्ला मिळतो, तर बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेख कार्यालयात मोफत व्याख्याने होतात. विद्यापीठीय पातळीवर डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रौढशिक्षण विभागातील वर्ग आणि लिमरिक विद्यापीठातील पदव्युत्तर अभ्यासक्रम उल्लेखनीय ठरले.

जनुकीय चाचण्या : २०१३ पासून डब्लिनमधील वार्षिक कुलेतिहास-मेळाव्यात जनुकशास्त्रावरील स्वतंत्र व्याख्यानमाला होऊ लागली. २००६ मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी वायव्य आयर्लंडमधील सुमारे पाचव्या हिश्शाच्या पुरुषांत एक समान पितृवंशीय खूण दाखवली आणि तिचा संबंध पाचव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘नऊ ओलिसांचा नीअल’ या राजाशी सुचवला. पुढील अभ्यासानुसार ती खूण नीअलपेक्षा बरीच जुनी असावी. आयर्लंडमध्ये चाचणीचा खरा उपयोग राजे शोधण्यासाठी नसून १८०० ते १८६४ या कागद विरळ असलेल्या काळात दोन शेजारी कुटुंबांचे नाते तपासण्यासाठी होतो.

भारतातील साधने : ईस्ट इंडिया कंपनीच्या यूरोपीय पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. मुंबईची पहिली बॉम्बे युरोपियन रेजिमेंट, जिचे मूळ १६६२ पर्यंत नेतात, ती पुढे १०३ वी पलटण झाली आणि १८८१ मध्ये मद्रासच्या पलटणीसह रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्समध्ये विलीन झाली. ही रेजिमेंट १९२२ मध्ये बरखास्त करण्यात आली. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या लंडनला पाठवलेल्या नकला ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस अभिलेखांत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. कॅथलिक नोंदी तीत उशिरा येतात. शिपायांच्या भरतीच्या कागदांत जन्माचा पॅरिश व परगणा लिहिलेला आढळतो. दुष्काळापूर्वी घर सोडलेल्या आणि आयर्लंडमध्ये एकही कागद नसलेल्या माणसाचे मूळ ठिकाण त्यामुळे काही वेळा मुंबई लष्कराच्या दप्तरातूनच कळते.