केनियन व युगांडन शिलिंग : हुंडणावळीचा इतिहास

पूर्व आफ्रिकेतील केनिया आणि युगांडा या शेजारी देशांच्या चलनांमधील दराचा इतिहास. दोन्ही चलनांचे नाव एक, आणि जन्मही एकाच वर्षीचा. युगांडन शिलिंग ऑगस्ट १९६६ मध्ये निघाला, केनियन त्यानंतर महिन्याभराने. दर होता एकास एक. २०२५ च्या सुमारास एका केनियन शिलिंगला साधारण २८ युगांडन शिलिंग पडत होते. हा आकडाही फसवा आहे, कारण मधल्या काळात युगांडाने आपल्या चलनावरची दोन शून्ये कापली. १९६६ च्या मूळ युगांडन शिलिंगात हिशेब केला तर २८ चे २,८०० होतात.

या कहाणीची सुरुवात रुपयापासून होते. मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे जाणारा लोहमार्ग (१८९६–१९०१) हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी बांधला. त्या काळी या किनाऱ्यावर मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेला चांदीचा रुपयाच चाले. पंधरा रुपयांचा एक पौंड, म्हणजे रुपयाला एक शिलिंग चार पेन्स, असा दर बसलेला होता. पहिल्या महायुद्धानंतर चांदी कडाडली आणि रुपया दोन शिलिंगांच्याही वर गेला. गोऱ्या मळेवाल्यांची कर्जे रुपयात होती, पण कॉफी आणि घायपाताचे पैसे पौंडात मिळत. दर दोन शिलिंगांवर कायम करताच त्यांचे कर्ज पौंडाच्या हिशेबात दीडपट झाले. त्यांनी आरडाओरडा केला, पण उपयोग झाला नाही. १९२० मध्ये रुपयाच्या जागी दोन शिलिंगांचा फ्लोरिन आला आणि लवकरच त्याचे दोन भाग करून पूर्व आफ्रिकन शिलिंग. वंशावळीने पाहिले तर हा शिलिंग म्हणजे अर्धा रुपयाच. स्वाहिलीत पैशाला आजही ‘पेसा’ म्हणतात. केनियात २००७ साली सुरू झालेल्या ‘एम-पेसा’ या मोबाइल सेवेच्या नावात आपला पैसा आहे.

पुढची सुमारे साडेचार दशके दोन्ही देशांत चलन एकच असल्याने आपसातल्या दराचा प्रश्नच नव्हता. ते चलन लंडनमधले पूर्व आफ्रिकन चलन मंडळ काढी आणि वीस शिलिंगांना एक पौंड द्यायला बांधील असे. पाच व दहा सेंटांच्या नाण्यांना मधोमध भोक असे. आपल्याकडच्या १९४३ च्या भोकाच्या पैशासारखीच ती दोरीत ओवता येत.

स्वातंत्र्यानंतर केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी आपापल्या मध्यवर्ती बँका काढल्या, तरी तिन्ही शिलिंग समान मोलाचे ठेवले. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले, पण तिघांनीही ते केले नाही. डॉलरला ७.१४ शिलिंग हा दर तसाच राहिला. काही वर्षे एका देशाची नोट दुसऱ्या देशात बट्ट्याशिवाय बदलून मिळे. १९७०-७१ च्या सुमारास निर्बंध आले आणि ती सोय संपली.

जानेवारी १९७१ मध्ये लष्करी अधिकारी इदी अमीनने युगांडाची सत्ता बळकावली. पुढच्या वर्षी त्याने आशियाई वंशाच्या रहिवाशांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले. व्यापार कोसळला, करांचे उत्पन्न आटले आणि तूट नोटा छापून भरली जाऊ लागली. अधिकृत दराला मात्र याचा पत्ताच नव्हता. १९७५ मध्ये तिन्ही देशांनी आपले शिलिंग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या एसडीआर या हिशेबी एककाशी ९.६६ या एकाच दराने बांधले, त्यामुळे कागदावर केनिया-युगांडा दर एकास एकच राहिला. म्हणून या दशकातले अधिकृत आकडे अभ्यासकाच्या फारसे कामाचे नाहीत. खरा दर ‘मागेंडो’त, म्हणजे चोरट्या व्यापारात ठरत होता. ब्राझीलमध्ये १९७५ साली हिमकडाक्याने कॉफीचे मळे जळाले आणि जगभर भाव भडकले. युगांडाचे सरकारी मंडळ शेतकऱ्याला स्थानिक शिलिंगात तुटपुंजी किंमत देई. साहजिकच पोती रातोरात सरहद्द ओलांडून केनियातल्या चेपकुबेच्या बाजारात पोचत. तिथे केनियन शिलिंग मिळत आणि त्यांतून युगांडात दुर्मीळ झालेला साबण, मीठ, साखर घेता येई.

कागदावरची बरोबरी १९८१ मध्ये मोडली. अमीननंतर सत्तेवर आलेल्या ओबोटे सरकारने युगांडाचे चलन तरते सोडले, म्हणजे दर बाजारावर सोपवला, तेव्हा डॉलरचा दर आठच्या आतबाहेर होता, तो एकदम ७८ च्या घरात गेला. केनियात डॉलर तेव्हा नऊ शिलिंगांच्या आसपास होता.

मे १९८७ मध्ये युगांडातल्या मुसेवेनी सरकारने शंभर जुन्यांना एक नवा शिलिंग दिला, आणि वर तीस टक्के रूपांतर कर कापला. हजार जुने शिलिंग घेऊन बँकेत गेलेल्या माणसाला दहा नवे मिळायचे, ते सातच मिळाले. त्या वेळी डॉलरला ६० नवे शिलिंग ठरले, म्हणजे केनियन शिलिंगाला साडेतीन-पावणेचार. १९९२ पर्यंत हा आकडा तिशीपार गेला.

मग केनियाचा शिलिंग घसरला. १९९२ च्या निवडणुकीच्या वेळी ओतलेला पैसा आणि सोन्याच्या खोट्या निर्यातीवर अनुदान उकळणारा गोल्डनबर्ग घोटाळा यांच्या धक्क्याने तो १९९३ च्या मध्यापर्यंत डॉलरपुढे जवळजवळ निम्म्यावर आला. युगांडात १९९० पासूनच परकीय चलन बदलून देणाऱ्या खासगी पेढ्यांना परवानगी होती आणि त्यांचा शिलिंग तोवर सावरला होता. आपसातला दर अठराच्या आसपास उतरला. त्यानंतर २००० साली तो एकवीस-बावीस, २०१० मध्ये सत्तावीस आणि २०२० मध्ये पस्तीसच्या जवळ होता. जानेवारी २०२४ मध्ये दोन अब्ज डॉलरच्या रोख्यांची परतफेड तोंडावर आल्याने केनियात डॉलर १६० ला गेला आणि दर चोवीसपर्यंत आला. फेब्रुवारीत नवे रोखे विकले गेल्यावर केनियन शिलिंग सावरला.

या दोन चलनांचा भाव थेट ठरत नाही. दोघांचे डॉलरचे दर घेऊन भागाकार करतात : युगांडात डॉलर ३,६४० आणि केनियात १३० असेल, तर उत्तर २८. बुसिया आणि मालाबा या सरहद्दीच्या गावांत फिरते सराफ याच भागाकारात आपला नफा मिळवून दर सांगतात.

पूर्व आफ्रिकन समुदाय या केनिया, युगांडा व शेजारी देशांच्या संघटनेने नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपाला येथे चलनसंघाच्या करारावर सह्या केल्या. सामायिक चलन २०२४ पर्यंत आणायचे होते. ती मुदत आता २०३१ पर्यंत पुढे ढकलण्यात आली आहे.