संमतीच्या पट्टीमागचा इतिहास

कोणतेही संकेतस्थळ उघडले की मजकुराआधी कुकी वापरायला संमती मागणारी एक पट्टी समोर येते. 'सर्व स्वीकारा' हे बटण ठळक आणि रंगीत; नकाराचे फिकट, नाहीतर 'अधिक पर्याय'च्या आत दडवलेले. हा ताप युरोपच्या कायद्याने आणला, असे सर्रास म्हटले जाते. कायद्याचा त्यात वाटा आहेच. पण पानापानावर विचारण्याऐवजी हा प्रश्न ब्राउझरमध्येच एकदाचा मिटवावा, असे प्रयत्नही पुन्हा पुन्हा झाले आणि दर वेळी ते बारगळले.

कुकी १९९४ ची. वेबचा सर्व्हर विसरभोळा. आताची मागणी मघाच्याच माणसाची आहे, हे त्याला कळत नाही. मग खरेदीसाठी निवडलेल्या वस्तू पुढच्या पानापर्यंत टिकणार कशा? नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मोंतुल्ली यांनी तोड काढली: कुकी नावाची एक छोटी नोंद वाचणाऱ्याच्याच संगणकावर ठेवायची आणि ज्या संकेतस्थळाने ती ठेवली त्यालाच ती परत दाखवायची. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देणे सोपे होते. ते त्यांनी मुद्दाम टाळले, कारण तसल्या क्रमांकावरून माणसाचा सगळीकडे माग काढता आला असता.

माग तरीही निघालाच. एखाद्या पानातली चित्रे भलत्याच सर्व्हरवरून येऊ शकतात. एकाच जाहिरात कंपनीचे चित्र हजारो संकेतस्थळांवर असेल, तर त्या प्रत्येक ठिकाणाहून तिची कुकी तिच्याकडे जाते आणि बहुतेकदा पानाचा पत्ताही सोबत जातो. म्हणजे आपण कुठे कुठे फिरलो याची यादी दोन ठिकाणी तयार होते, एक आपल्या ब्राउझरमध्ये आणि दुसरी त्या कंपनीकडे. पहिली आपण हवी तेव्हा पुसू शकतो. हिस्टरी पुसून निर्धास्त होणाऱ्यांच्या लक्षात दुसरी येत नाही.

फेब्रुवारी १९९६ मध्ये 'फायनान्शियल टाइम्स'ने कुकीविषयी लिहिले तेव्हा कुठे सामान्य वाचकांना हा प्रकार कळला. पुढच्याच वर्षी इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने कुकीचा मसुदा प्रसिद्ध केला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक खुद्द मोंतुल्ली होते. त्रयस्थाची, म्हणजे आपण उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज दुसऱ्याच कोणाची, कुकी ब्राउझरने आपणहून स्वीकारू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही ते मानले नाही. डबलक्लिकसारख्या जाहिरात कंपन्यांचा धंदा एव्हाना याच कुकीवर उभा राहिला होता. पुढचे बरेचसे रामायण या एका नकारातून घडले, असे माझे मत आहे.

मग उरला सूचनेचा मार्ग. ही कल्पना वेबच्याही आधीची. १९७३ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या सल्लागार समितीने संगणकातल्या व्यक्तिगत नोंदींसाठी पाच तत्त्वे मांडली. गुप्त नोंदवही नसावी, आपली कोणती माहिती आहे हे माणसाला कळावे, एका कामासाठी घेतलेली माहिती संमतीविना दुसऱ्या कामाला वापरू नये, चूक दुरुस्त करता यावी आणि ठेवणाऱ्याने गैरवापर टाळावा. यांतले कळवण्याचे काम सर्वांत स्वस्त. एक लांबलचक पान लिहून ठेवले की झाले! कॅलिफोर्नियात २००४ पासून असे गोपनीयता धोरण लावणे बंधनकारक झाले. ही धोरणे कोणी खरोखर वाचायला बसले तर वर्षाचे २०० तासांहून अधिक जातील, असा हिशेब २००८ मध्ये दोन संशोधकांनी मांडला.

युरोपात २००२ च्या निर्देशाने कुकी नाकारण्याचा हक्क दिला आणि २००९ च्या दुरुस्तीने आधी संमती घेणे सक्तीचे केले. गंमत म्हणजे, ही संमती ब्राउझरच्या सेटिंगमधूनही देता येईल, असे त्याच दुरुस्तीच्या प्रस्तावनेत लिहिले होते. पण बहुतेक ब्राउझर मुळातच सगळ्या कुकी घेत होते. अशा मौनाला संमती म्हणता येणार नाही, असे नियामकांनी ठरवले. ते बरोबरच होते. मात्र त्यामुळे विचारण्याची जबाबदारी प्रत्येक संकेतस्थळावर आली आणि पट्टी जन्माला आली. २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा युरोपचा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाल्यावर ती सगळीकडे पसरली. आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपच्या न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. नकार स्वीकाराइतका सोपा नसल्याबद्दल फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला.

मधल्या काळात 'डू नॉट ट्रॅक' येऊन गेले. माझा माग काढू नका, असा निरोप ब्राउझरने प्रत्येक संकेतस्थळाला द्यायचा, एवढी साधी योजना. निरोप पाळण्याची सक्ती कोणावरच नव्हती, त्यामुळे तो क्वचितच पाळला गेला. २०१९ मध्ये त्याचा कार्यगटही बंद झाला.

ब्राउझरमधली यादी तरी सुरक्षित होती का? तीही नव्हती. भेट दिलेल्या दुव्याचा रंग बदलतो आणि पानातल्या स्क्रिप्टला, म्हणजे पानासोबत चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, तो रंग तपासता येत असे. हजारो पत्ते गुपचूप तपासून तुम्ही कुठे जाऊन आलात हे हेरता येई. हे छिद्र बुजवण्याचा उपाय २०१० मध्ये सापडला. अशी हेरगिरी करणाऱ्या एका जाहिरात कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१२ मध्ये कारवाईही केली. खासगी मोड २००५ मध्ये ॲपलच्या सफारी ब्राउझरने आणला, पण तो आपल्या यंत्रावरच्या खुणा पुसतो, समोरच्याकडच्या नाही. गूगलवर याच मुद्द्यावर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कंपनीने मान्य केले.

सफारीने २०२० पासून त्रयस्थ कुकी पूर्ण रोखल्या. फायरफॉक्सने त्याआधीच माहितीतल्या मागकऱ्यांच्या कुकी आपणहून अडवायला सुरुवात केली होती. क्रोमनेही २०२० मध्ये त्या दोन वर्षांत काढण्याची घोषणा केली, मुदत वाढवत नेली आणि २०२४ मध्ये बेत सोडला. १९९७ चा मसुदा अशा रीतीने अर्धामुर्धा अमलात आला.

आता वारे पुन्हा ब्राउझरकडे वळले आहे. 'ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल' हा नवा निरोप 'डू नॉट ट्रॅक'सारखाच आहे, पण कॅलिफोर्नियात त्याला कायद्याचे बळ आहे. तो न पाळल्याचा ठपका असलेल्या सेफोरा या सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या कंपनीला २०२२ मध्ये १२ लाख डॉलर भरावे लागले. असा निरोप पाठवण्याची सोय प्रत्येक ब्राउझरला जानेवारी २०२७ पासून द्यावी लागेल, असा कायदाही तिथे झाला आहे. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ती आजही सापडते. तिने माहितीची विक्री आणि वाटप थांबवण्याचा हक्क बजावता येतो. संकेतस्थळ स्वतःपुरती जी नोंद ठेवते, तिला हा निरोप लागू होत नाही.